दोरा बांधलेल्या कळ्या

माझ्या सासूबाई, बायजाआत्या, तोंडाने भारी तिखट. कडावात त्यांच्याशी वाद घालून जिंकलेलं माणूस मला तरी माहीत नाही. लोधिवलीहून लग्न होऊन येताना त्यांच्या आईने ओटीत पांढऱ्या भेंडीचं बी घातलं होतं. ते त्यांनी पन्नास वर्षं राखलं. गावात बाकी सगळ्यांकडे आता दुकानातलं बी. आमच्याच बांधापलीकडे माझ्या नवऱ्याने, रुपेशने, लाल भेंडी लावलेली.

"भेंडीचं फूल एका दिवसाचं," आत्या सांगायच्या. "माशी आली तर दुसऱ्या झाडाची भुकटी घेतं, नाय आली तर मिटता मिटता आपल्याच भुकटीवर भागवतं." मधमाशी लाल भेंडीचे पराग घेऊन येईल आणि बी भेसळेल ही धास्ती. म्हणून बियाण्यासाठी राखलेल्या कळ्यांना त्या आदल्या संध्याकाळी जुन्या लुगड्याचा दोरा बांधायच्या. मग कळी उमलायचीच नाही, आतल्या आत फळ धरायची.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, पण सांगतील तर शपथ. एका संध्याकाळी मी पाहिलं, तर त्या दिवसभर उमलून मिटलेल्या फुलांना दोरा बांधत होत्या. अधू नजरेला मिटलेलं फूल कळीच वाटतं. माश्या तर केव्हाच येऊन गेलेल्या. मी सांगणार होते. पण सकाळीच चारचौघींत त्या मला म्हणाल्या होत्या, "तुला काय कळतंय गं भेंडीतलं?" म्हटलं, कळत नाही ना, मग बांधा. बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? पंधरा दिवस मी नुसती बघत राहिले.

यंदा त्यांनी घरात होतं नव्हतं ते बी पेरलं. पहिली भेंडी तोडली, ती हाताला खरखरीत लागली. त्यांच्या आईची भेंडी मऊ असायची. त्याच वाफ्यातल्या शेजारच्या झाडाचीही खरखरीतच. रंग त्यांना दिसत नव्हता, हातावरूनच त्यांनी ठरवलं, सगळं बी बाटलं. मी शिळफाट्याच्या दुकानातल्या कामावरून परत येईपर्यंत अख्खा वाफा उपटून बांधावर पडला होता.

मी ढीग उचलायला वाकले. दहांत दोन-तीन झाडं लालसर होती. बाकीची पांढऱ्या भेंडीचीच, पण सगळी कोवळी, एकाही झाडावर बी धरलेलं नाही, आणि घरात दाणाही उरलेला नाही.

"स्नेहल," आत्या ओट्यावरून म्हणाल्या, "एखादं तरी पांढरं हाय का गं त्यात?"

"नाय, आत्या," मी म्हणाले. "एकबी नाय."

"मंग बरं केलं उपाटली," त्या म्हणाल्या.