कुंताबाईची लिलावाची पाटी

बल्लारपुरात बोभाटा झाला, कुंताची पाटी तेलुगू बोलाले लागली! लाकडाच्या डेपोत लिलावाचा माल दाखवणारी तिची दिव्यांची पाटी खरंच काहीतरी वेटोळं दाखवत होती. सिरोंच्याकडचा एक तेलुगू ठेकेदार वाचायला उभा केला. तोही मान वाकडी करकरून दमला. म्हणाला, "हे आमचं नाई, बाबा." तेलुगू कसलं, निव्वळ कचरा होता.

२००४ ची गोष्ट. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या तिखट तोंडाच्या कुंतानं ती पाटी स्वतः बनवलेली. जुनी चिप मिळेनाशी झाली म्हणून नवी बसवली, आणि तिच्यासाठी प्रोग्राम तयार करणारा कंपायलरही नवा आला. तेव्हापासून हा घोळ. डेपोच्या गुणवंतरावांनी बजावलं, "मंगळवारच्या लिलावाआधी नाई सुधरली, तर पुन्हा खडू-फळा. अन् दुसऱ्या डेपोत तुह्यं नाव सांगणार नाई."

नवरा डोमा उंबऱ्यावरून चिडवी, "देवाले कोंबडं कबूल कर."

"तुलेच चढवीन!"

चिपमध्ये मेमरीचे दोन मोहल्ले. पक्क्या मोहल्ल्यात अक्षरांचे ठिपके आणि लाकडांची नावं. दुसरा कच्चा, घडीघडी बदलणारा. कुठल्याही मोहल्ल्यातला पत्ता सांगणारे ते पॉइंटर. जुना कंपायलर मोहल्ला आपणहून ओळखायचा. नवा हट्टी. पॉइंटरवर 'रॉम', म्हणजे पक्का मोहल्ला, या शब्दाचा शिक्का नसला, की घर नंबर बरोबर, पण शिरणार कच्च्या मोहल्ल्यात! तसे इशारे तो रोज देत होता. पण प्रोग्राम तयार होतोच आहे म्हणून कुंतानं ते डोमाच्या बडबडीसारखे सोडून दिलेले.

सोमवारी दुपारी हात टेकून ती इशारेच वाचायला बसली. ठिपक्यांच्या पॉइंटरवर शिक्का मारला, अक्षरं स्वच्छ आली, शब्द मात्र भलतेच. मग नावांच्या पॉइंटरांवर मारला. पाटीवर झळकलं: सागवान.

अशी ओरडली की डोमाच्या हातातला चहा सांडला.

मंगळवारी पाटी लखलखली. व्यापारी लांबूनच वाचून बोली लावू लागले. गुणवंतरावांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "बाई, पुढची पाटी आलापल्लीच्या डेपोत."

लाकडाचे व्यापारी वामनराव मात्र खवचट. "एक शब्दच तं टाकला म्हणते डोमा. त्याले इतके दिवस काऊन लागले?"

कुंता म्हणाली, "भाऊ, तुमी बी बोलीत एकच आकडा बोलता. मंग आधी दोन दिवस पोकळ का भरीव म्हणून लाकडं ठोकत काऊन फिरता?"