अण्णांची अकरा पावलं

२२ फेब्रुवारी १९९६ रोजी येलहंक्यातलं आमचं घर चार लाख ऐंशी हजारांना विकलं. सह्यांना हजर होतो मी, माझे थोरले बंधू दत्ताअण्णा आणि घर घेणारे नागराज. किल्ल्या देताना अण्णा त्यांना म्हणाले, "पाण्याची कटकट झाली तर मला हाक मारा. फरशी फोडत बसू नका!" … जूनमध्ये अण्णाच गेले. सकाळी पूजा आटोपून खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत.

तीन आठवड्यांनी मी त्यांची घरदुरुस्तीची फाइल उघडली. सव्वीस वर्षांच्या दोनशे चौदा पावत्या. ऑडिटरनं सांगितलं होतं, मागची खोली, बोअरवेल असल्या वाढीव कामांच्या पावत्या घरविक्रीच्या करासाठी ठेवा. रंग, नळ, गळती टाकून द्या. मी दोन गठ्ठे केले. टाकायचा गठ्ठा बांधताना एक पावती उलटी झाली. मागे अण्णांचं बारीक अक्षर: "नळीचा सांधा. तुळशीपासून गेटकडे अकरा पावलं." दुसरी उलटली, तिच्याही मागे काहीतरी होतंच. मग मी सगळ्याच उलटत बसलो…

त्याच आठवड्यात रविवारी नागराज आले. कानडीत म्हणाले, "सार, अंगणाखाली नळी फुटलीय. प्लंबर म्हणतो, सगळी फरशी काढायला लागेल. अण्णांनी शब्द दिला होता. आता हाक कुणाला मारू?" ती लाल फरशी अण्णांनी स्वतः उभं राहून घोटून घेतली होती. ती सांध्याची पावती खिशात घालून मी निघालो.

तुळशीपासून पावलं मोजत गेलो, तर आठव्यालाच गेट लागलं. प्लंबर मुनिअप्पा हसला, "तुमच्या अण्णांनी नळी रस्त्यावर नेली की काय?" पुन्हा मोजलं, तेच. अण्णांचा आकडा चुकेल, हे मला पटेना. पावतीची तारीख पाहिली: जानेवारी १९८३. अण्णा गच्चीवरून पडले ते ब्याऐंशीच्या दिवाळीत. म्हणजे पायाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. तेव्हा त्यांचा डावा पाय नीट टेकत नव्हता, अर्धंच पाऊल पडायचं. मी दिवसभर बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात हिशेब लिहीत असे. तसल्या पायानं त्यांनी हे काम करून घेतलं, हे मला तेरा वर्षांनी कळत होतं.

मग मी त्यांच्यासारखा चाललो. उजवा पाय थोडा पुढे, डावा ओढत त्याच्याजवळ… अकराव्या पावलाला थांबलो. मुनिअप्पानं हातभर जागा फोडली. ओली माती निघाली आणि तिच्याखाली सांधा. तो आता हसत नव्हता.

टाकायचा गठ्ठा मी दुसऱ्या दिवशी नागराजांना नेऊन दिला. त्या पावत्या घराच्याच होत्या. मुनिअप्पा सांधा बदलून फोडलेली जागा बुजवत होता; त्याची मजुरी एकशे वीस रुपये झाली होती. नागराज "बेडा, सार, तुम्ही नका देऊ" म्हणत पाकीट काढत होते. मी म्हटलं, "शब्द आमच्या घरचा होता," आणि पैसे मुनिअप्पाच्या हातावर ठेवले. त्याच्याकडून पैसे मिळाल्याची चिठ्ठी घेतली, मागे लिहिलं, "तोच सांधा. अकरा पावलं, अण्णांची," आणि ती नागराजांच्या हाती दिली.