आईला फुटलेला घाम

घर सोडून गेलेल्या पोरींनो, तुमच्या आईची पाळी कधी थांबली, हे तुम्हाला ठाऊक आहे का? ती जेवली का, हे तुम्ही रोज विचारता. मीही तेवढंच विचारत होते.

मी निपाणी सोडली ती जानेवारीतल्या एका सकाळी. बेंगळूरची गाडी स्टँडवर लागली होती. सगळे स्वेटर-मफलरात. मी खिडकीत बसले आणि खाली उभ्या असलेल्या आईचा चेहरा एकदम लाल झाला. कपाळावर, मानेवर घाम. तिने शाल काढून वडिलांच्या हातात कोंबली आणि माझ्यासाठी आणलेली पाण्याची बाटली स्वतःच्या मानेवर ओतली. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पांनी थट्टा केली, "आगं, नोकरीला पोरगी चाललीया आणि आंघूळ तू करालीस व्हय?" आई हसली नाही. गाडी हलली. माझ्या जाण्याने ती कासावीस झाली, असं मी मनात पक्कं केलं आणि ते ओझं बेंगळूरला घेऊन गेले.

तिथे पीजीतली एक कॉट, कानाला हेडफोन, टार्गेट, कॅबची वेळ. घरून येणाऱ्या बातम्या मात्र एकाच जातीच्या. आईला झोप लागत नाही. बोटांचे सांधे, गुडघे दुखतात. बारीकशा गोष्टीवरून भांडते आणि मग रडते. विड्या वळता वळता मांडीवरचं सूप बाजूला ठेवते आणि दारात वारा घेत उभी राहते. शेजारच्या सुशीलाआक्काचं निदान तयार होतं, "पोरगी गेल्यापास्नं हिनं जिवाला लावून घेतलंय. बोलवून घ्या तिला." दोनदा मी राजीनाम्याचा मेल लिहून ठेवला होता.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आप्पा विडी कामगारांच्या चळवळीतले. आमच्या घरात अंथरुणांच्या शेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे. गल्लीतल्या बायका विड्या वळायला एकत्र बसत. त्यांचे हात गुंतलेले, म्हणून वाचायचं काम माझं. मजुरी, शिक्षण, पाणी, मतदान, सगळं मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईच्या अंगात काय बदलतं, याचं एकही पत्रक माझ्या हाती आलं नाही. ऐकणाऱ्या निम्म्या बायका त्याच वयाच्या होत्या! त्यांच्याबद्दल कुणालाच काही लिहावंसं वाटलं नाही, याची मला चीड आहे. मलाही वाटलं नव्हतं.

मला कळलं ते ऑफिसात, दोन वर्षांनी. मीटिंगमध्ये आमच्या टीम लीड मॅडम बोलता बोलता थांबल्या. चेहरा लाल, मानेवर घाम. टेबलावरचा छोटा पंखा लावून त्या म्हणाल्या, "दोन मिनिटं द्या. मेनोपॉज चाललाय माझा." कुणी हसलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे निपाणीचं स्टँड उभं राहिलं.

संध्याकाळी फोन लावला.

"आई, तुझी पाळी गेली काय?"

"फोनवर असलं इच्यारत्यात व्हय गं?" मग आवाज बारीक करून म्हणाली, "गेली की. दीड वर्स झालं. पण गेल्या म्हैन्यात परत आलती, चार दिस. मी म्हटलं, बरं झालं, अजून म्हातारी न्हाय मी."

मॅडमना विचारलं. त्या एवढंच म्हणाल्या, "वर्षभर थांबून पुन्हा रक्त आलं तर त्याला पाळी म्हणायचं नाही. डॉक्टरला दाखव. उशीर करू नकोस."

रजा टाकली आणि आईला बेळगावला नेलं. आप्पाही आले. डॉक्टरबाईंपुढे आई फक्त म्हणाली, "गुडघं दुखत्यात." मी आप्पांना म्हटलं, जरा बाहेर बसा. बायकांच्या हक्कांवर तासभर बोलणारा माणूस मुकाट बाहेर गेला. मग आई बोलली. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली. तिचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी कॅन्सर हा शब्द उच्चारला नाही, आणि दुसरं काही कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

गाठ साधी निघाली. ती काढून टाकली. डॉक्टरबाईंनी आईला समजावलं, पाळी जाताना असा घाम येतो, झोप मोडते, सांधे धरतात, चिडचिड होते, खाली कोरडेपणा येतो. यावर उपाय आहेत. सोसत बसायलाच पाहिजे असं नाही.

परतीच्या गाडीत आईने विचारलं, "म्हंजे ह्ये तू गेल्याचं न्हवतं?"

"नव्हतं."

तिने खिडकीची काच सरकवून वारा घेतला. "वाईट वाटलंतं बग मला, तू गेलीस तवा. पण घाम त्येचा न्हवता."

मी बेंगळूरला परत आले. राजीनाम्याचे दोन्ही मेल पुसून टाकले. आता फोन उचलला की आई न विचारता सांगते, "आज दोनदा वाफ आली अंगातनं. झोप बरी हाय." माझ्यासाठी आता घर म्हणजे आईचं हे सांगणं. आप्पांपर्यंतही ते पोचलं. ते म्हणाले, "लिही. मी छापून आणतो."

हे तेच पत्रक आहे. बाहेर गेलेल्या पोरींनो, आजच्या फोनमध्ये जेवणाआधी पाळीचं विचारा. वर्षभर थांबून पुन्हा रक्त दिसलं असेल तर याच आठवड्यात तिला डॉक्टरकडे न्या. आणि गल्लीत राहिलेल्यांनो, ज्यांचे हात गुंतलेले आहेत त्यांना हे मोठ्याने वाचून दाखवा. पुरुष बसले असतील तरी मधे थांबू नका.