कुंड्या आत सरकव

शेजाऱ्यांची भांडणं मिटवायला मध्यस्थ निवडायचे होते, म्हणून नवघरच्या एका हॉलमध्ये प्रशिक्षण होतं. तिथे त्या बाई एकदाच भेटल्या. तारोडीच्या कोळीण. अंबाड्यात अबोलीचा गजरा, आणि बोलताना समोरच्याचं मनगट धरायची सवय.

सरावाच्या भांडणात मी वरच्या मजल्यावरचा झालो, एक गुजराती गृहस्थ खालचे, आणि बाई मध्यस्थ. माझ्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत होतं. मध्यस्थाने ऐकायचं, निकाल द्यायचा नाही, हे सकाळीच बजावलेलं. बाईंनी दोघांचं शांतपणे ऐकलं आणि माझं मनगट धरलं.

"चूक तुजी हाय, पोरा. कुंड्या आत सरकव."

गुजराती गृहस्थ हसत म्हणाले, "मौसी, ये तो नाटक है."

"नाटक आसंल. पन पानी पडतंय ना?"

हॉल हसला. बाईंची निवड झाली नाही, माझी झाली.

संध्याकाळी त्या बस स्टॉपवर दिसल्या. "सरकवशील ना कुंड्या?" माझ्या घराला गॅलरीच नव्हती, तरी मी हो म्हणालो. "मंग खालच्याला हाक मारून दाखव. न्हायतर त्याला खरं वाटनार न्हाय." एवढं सांगून त्या बसमध्ये चढल्या.

आता मी खरी भांडणं मिटवतो. लोक सह्या करतात, हात मिळवतात, निघून जातात. आमचं काम तिथे संपतं. पण मला चैन पडत नाही. आठवड्याभराने मी त्यांच्या बिल्डिंगमध्ये जाऊन, ठरलं तसं झालं का, ते विचारून येतो.

पहिल्यांदा गेलो, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या माणसाने दार उघडलं. बोलायला लागल्यावर लक्षात आलं, मी त्याचं मनगट धरलं होतं.