दोन पोरींच्या बदल्यात एक पिचर

नागपुरात मनीषनगरच्या मैदानावर आम्ही पोरींना सॉफ्टबॉल शिकवतो. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण, पण नखरे थोरलीपेक्षा जास्त. आमच्या क्लबनं कप कधीच जिंकलेला नाही. सेमीफायनलपर्यंत जाऊन रिकाम्या हातानं परत येणं हा आमचा खानदानी धंदा. क्लब मी चालवते, पण माझे गुडघे आता बोलायला लागलेत, त्यामुळे मला तो कप एकदा तरी हवा होता. खोटं कशाला बोलू, फार हवा होता.

अशात सावनेरच्या क्लबचा निरोप आला. त्यांच्या कसलेल्या पिचरला, म्हणजे बॉल टाकणारीला, इथं गांधीबागेत कापडाच्या दुकानात नोकरी लागली होती, आता ती नागपूरकडूनच खेळणार होती. मोकळ्या मनानं सोडतो, म्हणाले, पण बदल्यात तुमच्या दोन पोरी द्या. एक आमची डावखुरी पिचर, अजून कच्ची. दुसरी तिची जिवलग मैत्रीण, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये उभी राहणारी.

मी जुनी कॅचर, बॅटवालीच्या मागं बसून बॉल झेलणारी. आमच्याकडे पिचर पारखायची एक रीत आहे. पातळ झालेला जुना ग्लव्ह घालून तिचे बॉल झेलायचे आणि मग आपला तळहात बघायचा. ज्योतिषी दुसऱ्याचा हात बघतो, आम्ही आपलाच.

सावनेरच्या पिचरचे बॉल झेलले. ग्लव्ह हलवावाच लागला नाही. तळहातावर एकाच जागी लाल डाग. दुसऱ्या दिवशी आमच्या डावखुरीचे झेलले, तर बोटांपासून मनगटापर्यंत सगळा हात लाल. अर्धे बॉल तर मागच्या जाळीत गेले. पण मधेच एक असा आला की जेवताना डाव्या हातानं ताट धरवेना.

"ताई, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात," आमचे कोच म्हणाले, "पण पाळण्यातल्या पायानं कप भेटत नाही. देऊन टाका."

मी आठवडाभर तोलत बसले. ह्या वर्षीचा कप धरायचा, की डावखुरीवर पुढच्या दोन-तीन वर्षांची आशा धरायची? सावनेरच्या पिचरचा खांदा किती दिवस टिकेल? डावखुरीचा नेम कधी बसेल? शेवटी ठरवलं, पोरी द्यायच्या नाहीत. कपाचं बघू. मला स्वतःचा अभिमानही वाटला थोडा.

संध्याकाळी दोघींना बोलावून मोठ्या थाटात सांगितलं, "तुम्हाला कुठं पाठवत नाही मी."

डावखुरीचं तोंड उतरलं. "ताई, सावनेरवाल्यायले हो म्हणा ना."

"काहून वं? काय कमी आहे इथं?"

"तिथं मले पहिल्या मॅचपासून पिचिंग देऊन राहिले. घरी विचारलं मी, हो म्हणाले. इथं तुम्ही दरवेळी म्हणता, पुढच्या वर्षी." मग सरळ माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "ह्या वर्षी सेमीफायनलले बॉल माह्या हाती देता का?"

मला 'हो' म्हणता आलं नाही. मागं उभी असलेली मैत्रीण चपलेनं माती उकरत होती. एवढे दिवस मी ह्या पोरींना तोलत होते, आणि त्या मला तोलून मोकळ्याही झाल्या होत्या. राग आला. मग वाईट वाटलं, आणि ते जास्त वेळ टिकलं. रात्री सावनेरला फोन करून हो म्हटलं.

पिचर आमच्याकडे आली आणि आम्ही सेमीफायनल गाठली. समोर सावनेर. त्यांच्याकडून बॉल टाकायला डावखुरी उभी राहिली. आमच्या पहिल्या दोघी तिच्या भरकटलेल्या बॉलवर फुकट बेसवर गेल्या. आमचे कोच खूश. आणि मग तिचा तो बॉल आला. एक, दोन, तीन. आमची तिसरी पोरगी बॅट फिरवतच राहिली, बॉल लागलाच नाही.

"वा वं माय!" मी उठून टाळ्या वाजवल्या.

"ताई," कोच दात-ओठ खात म्हणाले, "आउट आपली झाली."

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि डावा तळहात चोळत खाली बसले.