टकळी गप्प बसली तेव्हा

सोनोग्राफी करणाऱ्या या डॉक्टरीणबाईंना घरात ‘टकळी’ म्हणत, आणि हे नाव सासूबाईंनीच ठेवलेलं. सकाळी डोळा उघडला की हिचं तोंड जे सुरू व्हायचं, ते उशीला डोकं टेकेपर्यंत. “ऐकून ऐकून कान किटले बाई,” असं सासूबाई म्हणायच्या, आणि त्यावरही सून चार वाक्यं ऐकवायची.

दवाखान्यात मात्र हीच टकळी लोकांना औषधासारखी लागू पडे. नवी असताना ती चकार शब्द न काढता, मन लावून तपासायची. एकदा एक धडधाकट सुतार टेबलावरून उठला तो रडतच. डॉक्टर बोलत नाही म्हणजे आपला कारभार आटोपला, असं बिचारा धरून चालला होता! त्या दिवसापासून पोटावर जेल लावतानाच ती सुरू व्हायची. “गार लागेल हं. हे यकृत, झकास आहे. श्वास धरा... सोडा. हे उजवं मूत्रपिंड, तेही शहाण्यासारखं वागतंय.” चेहरा पाडून आलेली माणसं जाताना हसत जायची.

सासूबाईंना काही महिने जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखत होतं. त्यांनी कोणाला पत्ता लागू दिला नाही. थोरली बहीण पोटातल्या गाठीनेच गेली होती, आणि आपलंही तेच होणार, या भीतीने त्या आतल्या आत झुरत होत्या. एकदा भर जेवणात कळवळल्या, तेव्हा मात्र सून हट्टालाच पेटली.

“येते मी,” सासूबाई म्हणाल्या. “पण तिथे तुझी बडबड नको. एक अक्षर बोलायचं नाहीस.”

“नाही बोलणार, आई.”

दुसऱ्या दिवशी सासूबाई उपाशीपोटी टेबलावर आडव्या झाल्या. सुनेने यंत्राचा प्रोब पोटावर फिरवायला घेतला. यकृत छान होतं. मग पित्ताशयात, भिंतीला टेकून, काहीतरी पांढरं दिसलं. खडा की गाठ? आता दिलेला शब्द मोडायचा म्हटलं तरी तिच्या तोंडून आवाज फुटला नसता. खोलीत यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती.

सासूबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. “अगं, बोल ना काहीतरी!”

“तुम्हीच म्हणालात ना...”

“चुलीत गेलं माझं म्हणणं! तू गप्प बसलीस की जीव घाबरा होतो माझा.”

सुनेने पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “आई, डाव्या कुशीवर वळा. ते हललं तर खडा. गाठ जागची हलत नाही.”

सासूबाई वळल्या. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. तो पांढरा ठिपका जरा वेळ तिथेच अडून बसला, आणि मग घरंगळत खाली आला. त्याच्यामागून आणखी दोन आले.

“खडे!” सून ओरडली. “आई, खडे आहेत! खडेच आहेत!”

बाहेर बसलेल्यांना वाटलं, आत कोणाला हिरे सापडले. आणि मग टकळी जी सुटली! स्वादुपिंड उत्तम, प्लीहा उत्तम, छोटंसं ऑपरेशन, की मोकळ्या. सासूबाई डोळे पुसत हसत होत्या आणि प्रत्येक शब्द कान देऊन ऐकत होत्या.

संध्याकाळी जेवताना सून दमून मुकाट्याने घास घेत होती. “आज घर कसं शांत वाटतंय,” सासरे समाधानाने म्हणाले.

सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला. “का गं, गप्प का? काही लपवत तर नाहीस ना?”

तोंडात घास असल्यामुळे सुनेने नुसती नकारार्थी मान हलवली.

“मग बोल की!”

सुनेने घास गिळला, आणि यकृतापासून पुन्हा सुरुवात केली.