दाजींची नऊ मिनिटं

आमच्या दाजींना साधा कावळा काढता येत नाही. मी त्यांची धाकटी मेव्हणी, सात वर्षं त्यांच्याच स्टुडिओत काम करते, म्हणून खात्रीनं सांगते. आधी ते फोटो धुण्याच्या दुकानात होते. दुकान बंद पडलं, तसा त्यांनी ॲनिमेशनचा स्टुडिओ थाटला. चित्रं माझ्या ताईनं काढायची, ती कॉम्प्युटरवर हलती करायची मी, आणि दाजींनी कॉम्प्युटर विकत आणायचे. एवढीच त्यांची कला.

रस्त्यापलीकडे आणखी एक स्टुडिओ आहे. त्याच्या मालकाला दाजी ‘समोरचा’ म्हणतात. समोरच्यानं नवं मशीन आणलं की दाजींना जेवण जात नाही. मग कुठल्या कंपनीची चिप कुणाच्या किती पट वेगवान, यावर चहाबरोबर आम्हाला प्रवचन, आणि महिन्याभरात आमच्याकडे त्याहून मोठं खोकं हजर. ते खिडकीशी ठेवायचं, काचेची बाजू रस्त्याकडे करून, म्हणजे आतले निळे दिवे समोरच्याला दिसतात. आमच्या वाट्याला त्याची पाठ आणि गरम वारा. ताई मात्र कोपरा फुटलेल्या जुन्या पेन टॅब्लेटवरच चित्रं काढते. नवा आणा म्हटलं, तर म्हणतात, “त्यानं स्पीड थोडाच वाढतो?”

यंदा मुलांसाठी विज्ञानाच्या फिल्म काढणाऱ्या एका संस्थेनं दोन्ही स्टुडिओंकडून चार मिनिटांचा नमुना मागवला. विषय पक्षी. ज्याचा आवडेल त्याला तीन वर्षांचं काम. ताई चार महिने पिसं रंगवत होती, एकेका पक्ष्याचं एकेक पीस. या कामाच्या भरवशावर तिनं शाळेतली चित्रकलेची नोकरीही सोडली.

नमुना द्यायच्या आठवड्यातच समोर खोकं उतरलं. झालं! दाजींच्या अंगात आलं. जुनं मशीन दुकानदाराला देऊन ते नवं घेऊन आले.

“अहो, माझी सगळी चित्रं यात आलीत ना?” ताईनं विचारलं.

“मी स्वतः घातलंय सगळं. तू नको डोकं लावूस.”

हलत्या चित्रांची पुरी फिल्म बनवायला जुन्या मशीनला अख्खा दिवस लागायचा. नव्यानं ती नऊ मिनिटांत काढली. दाजींनी खिडकी उघडून समोरच्याला नऊ बोटं दाखवली आणि फिल्म घेऊन चपलेत पाय सरकवले. ताई दाढ दाखवायला गेली होती.

“दाजी, एकदा बघून तर घेऊ,” मी म्हटलं. “चारच मिनिटांची आहे.”

“चार मिनिटं? अगं, तेवढ्यात मशीननं निम्मं काम उरकलं असतं!”

ते गेल्यावर मी फिल्म लावली. पक्षी उडत होते, माना वळवत होते, आणि सगळे राखाडी, गुळगुळीत, साबणाच्या वड्यांसारखे. एकही पीस नाही. दाजींनी नव्या मशीनमध्ये नुसत्या हालचालींची फाइल घातली होती. ताईच्या चित्रांचं फोल्डर जुन्यातच राहिलं, आणि ते दुकानदारानं केव्हाच पुसून टाकलं होतं. दुसरी प्रत असलेली डिस्क दाजींनी नव्या खोक्यात बसवायला कोरी केली होती. रंगवायला काही नव्हतंच, म्हणून नऊ मिनिटं!

फोन केला, तर उचलेनात. संस्थेतल्या बाईंनी फिल्म शेवटपर्यंत पाहिली म्हणे, आणि विचारलं, “यांची पिसं कुठे आहेत?”

“पण मॅडम, वेळ बघा ना किती कमी लागला!” दाजी म्हणाले. हे त्यांनीच घरी येऊन सांगितलं, तेही बाईंना यातलं काही कळत नाही अशा सुरात. काम समोरच्याला गेलं.

ताई रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“तुमचं मशीन एवढं वेगवान आहे ना?” ती म्हणाली. “मग त्याला सांगा, माझे चार महिने परत काढून दे.”

मला वाटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालेल. दाजींनी खरोखर विचार केला.

“यावर नाही जमायचं,” ते म्हणाले. “पण पुढच्या महिन्यात जे मॉडेल येतंय ना...”

ताई पदर खोचून तशीच शाळेत गेली. तिच्या जागेवर दुसऱ्या बाई रुजू झाल्या होत्या.